बहिणाबाईंचीं गाणीं व तीं टिपणारा हात

बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें, त्यांतील बहुतेक लेखनाचा सूर एकच आहे, आणि तो आश्चर्याचा आहे. शेतांत राबणारी, चुलीपुढें जन्म काढणारी, अक्षरओळख नसलेली बाई. आणि तिच्या तोंडून असें काव्य कसें निघालें! हें आश्चर्य प्रामाणिक असेल. पण त्यांत नकळत झालेला एक अन्याय दडलेला आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. एखाद्या गोष्टीला चमत्कार म्हटलें कीं तिचें कारण शोधण्याची जबाबदारी टळते. आणि जिला कारण नाहीं, तिच्याबद्दल कोणाचें ऋण मानण्याचाही प्रश्न उरत नाहीं. म्हणून या गाण्यांकडे चमत्कार म्हणून न पाहतां काम म्हणून पाहावें, आणि तें काम आपल्यापर्यंत कोणाच्या हातानें येऊन पोंचलें याचाही हिशेब करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. हा हिशेब मांडण्यास माझें एक घरगुती कारणही आहे. तें शेवटीं सांगेन.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगांवजवळच्या असोदा या गांवीं, महाजनांच्या घरीं झालेला. तेराव्या वर्षीं जळगांवच्या नथूजी चौधरी यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. तिशीच्या सुमारास वैधव्य आलें. पदरीं मुलें, शेतीचें काम आणि घरचा राबता; त्यांत भर म्हणून प्लेगासारखें संकट. लिहिणें-वाचणें त्यांना कधींच आलें नाहीं. १९५१ च्या डिसेंबरांत त्या वारल्या आणि दुसऱ्याच वर्षीं, १९५२ सालीं, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक निघालें. आपलीं गाणीं पुस्तकरूपानें त्यांनीं पाहिलीं नाहींत. आणि पाहिलीं असतीं तरी त्यांना तीं वाचतां आलीं नसतीं. आज जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. २०१८ सालीं तें दिलें गेलें. जिला शाळेची पायरी माहीत नव्हती, तिच्या नांवाचीं पदवीपत्रें आतां तरुण मुलें-मुली घरीं घेऊन जातात.

बहिणाबाईंनीं आपल्या कवित्वाची मीमांसा स्वतःच करून ठेवली आहे. जात्याला त्या आपल्या बोलींत 'घरोट' म्हणतात. त्या घरोटावरच्या गाण्याचा भावार्थ असा, कीं जातें फिरतांना जसें त्यांतून पीठ झरतें, तसें माझें गाणें पोटांतून ओठांवर येतें. वरवर पाहतां ही उपमा साधी आहे. परंतु जिनें जन्मभर दळलें तिच्या तोंडीं ती साधी राहत नाहीं. जात्यांतून पीठ आपोआप पडत नाहीं. जात्याला टांकी लावलेली असावी लागते. तोंडांत दाण्याची वैरण बेतानें घालावी लागते. जास्त झाली तर भरड पडते, कमी झाली तर दगडावर दगड घासतो. आणि खुंटा धरलेला हात थांबून चालत नाहीं. 'सहज स्फुरलें' असे शब्द वापरून आपण या कवितेची बोळवण करतों. ही उपमा नेमकी तेंच नाकारते. गाणें हें दळण आहे. बाहेरचा दाणा आंत गेला पाहिजे, आंत तो भरडला गेला पाहिजे, आणि हें सारें करणारा हात श्रमला पाहिजे.

या गाण्यांचा बांधाही त्याच श्रमांतून आलेला आहे. बहुतेक चरण आठ अक्षरांचे, ओवीच्या कुळांतले. ओळीच्या आरंभीं एकच शब्द लागोपाठ दोनदां म्हणण्याची त्यांची लकब वाचकांच्या परिचयाची आहे. छापील पानावर ती अलंकारासारखी दिसते. पण जात्याशीं कोणी दळतांना ज्यानें पाहिलें आहे, त्याच्या मनांत दुसराच विचार येतो: खुंटा अंगाकडे ओढतांना एक आणि पुढें लोटतांना एक, असा हा हाताचाच ठेका शब्दांत उतरला नसेल ना? छंद शिकावयास त्यांना पिंगळाचा ग्रंथ लागला नाहीं, याचें नवल करण्याचें कारण नाहीं. छंद रोज पहांटे त्यांच्या हातांत होता.

जी गोष्ट छंदाची तीच दृष्टांतांची. मन कसें, तर उभ्या पिकांत शिरलेल्या ढोरासारखें. कितीही हांकलें तरी फिरून पिकावरच येणारें. हें वाचून शहरांतला वाचक कल्पनेचें कौतुक करतो. शेतकऱ्याला तें कौतुक वाटत नाहीं. त्याला तें ढोर ओळखीचें वाटतें, आणि त्या ओळखीमुळें मनच त्याला अधिक चांगलें कळतें. संसार म्हणजे चुलीवरचा तवा, हें सांगणारीची बोटें पोळलेलीं आहेत. पेरणी, कापणी, मळणी, उफणणी, शेतीच्या कामाची एकेक पायरी या गाण्यांत आलेली आहे. आणि सरस्वतीचें ऋण मानतांनासुद्धां, तिनें माझ्या मनांत गुपितें पेरलीं, असेंच त्या म्हणतात. विद्या 'दिली' असें त्या म्हणत नाहींत. दिलेली वस्तु जशीच्या तशी राहते. पेरलेली वस्तु उगवावी लागते, राखावी लागते. एका क्रियापदांत त्यांनीं देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा वांटा वेगळा करून दाखवला.

या गाण्यांत उणें कांहींच नाहीं, असें म्हणणें मात्र भक्तीचें होईल, टीकेचें नव्हे. अमक्याला तमकें म्हणूं नये, अशा धर्तीच्या ज्या मालिका आहेत, त्या एका बैठकींत वाचतां शेवटीं शेवटीं कंटाळवाण्या होतात. दृष्टांत मागें पडतो आणि बोध पुढें येतो. पण हाही दोष पुष्कळसा वाचनाच्या रीतीचा आहे. जें गाणें एका वेळीं चार चरण म्हणून, मध्यें वैरण घालून, पुन्हां पुढें म्हणावयाचें, तें आपण एका दमांत डोळ्यांनीं संपवतों. दळणाचें पीठ कोणी कोरडें फांकत नाहीं.

आतां दुसऱ्या हाताकडे वळूं. बहिणाबाई गात, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ तीं गाणीं वेळोवेळीं टिपून ठेवीत. या एका वाक्यावरून बहुतेक लेखक भरभर पुढें जातात. मला मात्र तेथें थांबावेंसें वाटतें. सोपानदेव चौधरी हे स्वतः कवि होते. 'काव्यकेतकी'सारखे संग्रह त्यांच्या नांवावर आहेत. पुस्तकी मराठीचें वळण त्यांच्या हाताला पुरतें बसलेलें होतें. अशा कवीनें आपल्या आईचीं गाणीं लिहून घेतांना त्याच्यापुढें केवढा मोह उभा राहिला असला पाहिजे! 'माले' चें 'मला' करावें, बोलींतला ओबडधोबड वाटणारा शब्द घांसून गुळगुळीत करावा, एखादा चरण थोडा सांवरून घ्यावा. आणि हें सारें आईच्याच भल्यासाठीं, तिला चारचौघांत हंसूं नये म्हणून! त्या काळच्या सुशिक्षित समाजांत बोलीला काय मान होता, हें आठवलें म्हणजे हा मोह किती सभ्य वेष घेऊन आला असेल याची कल्पना येते.

तो मोह जिंकला गेला, याचा पुरावा पुस्तकाच्या पानापानावर आहे. लेवा गणबोलीचे शब्द, तिचे प्रत्यय, तिचे उच्चार या गाण्यांत राहिले. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कांहीं शब्दांपाशीं अडखळावें लागलें. पण तो अडखळला म्हणूनच त्याला खानदेशचा आवाज ऐकूं आला. टिपणाऱ्यानें जें केलें त्याहून जें केलें नाहीं तें मोठें आहे. लिहिणाऱ्याला आपलें लेखन दाखवतां येतें. न लिहिलेलें, न बदललेलें, न सुधारलेलें कोण कोणाला दाखवणार? सोपानदेवांच्या स्वतःच्या कविता आज किती वाचकांच्या ओठांवर आहेत, हें वाचकांनीं आपापल्या मनाशीं ठरवावें. परंतु कवि म्हणून मिरवण्याची संवय बाजूस ठेवून जेथें ते केवळ लेखनिक झाले, तेथें त्यांनीं मराठीला दिलेलें देणें टिकून राहिलें, याविषयीं मतभेद होईल असें वाटत नाहीं.

मातृस्मृतीचें दुसरें एक पुस्तक मराठी घराघरांत आहे, त्याच्याशीं तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. तेथें आई आहे, पण ती मुलाच्या शब्दांत आहे. तिचें वागणें, तिचें रागावणें, तिचें दारिद्र्य, हें सारें मुलाच्या अश्रूंतून आपल्याला दिसतें. आणि त्या अश्रूंनीं तें पवित्र झालें तसें कांहींसें एकरंगीही झालें. बहिणाबाईंच्या बाबतींत आई ही मुलाच्या लेखनाचा विषय नाहीं. ती स्वतः कर्ती आहे आणि मुलगा तिचा लेखनिक आहे. म्हणूनच ही आई केवळ सोशीक नाहीं. ती थट्टा करते, टोमणे मारते, देवाशीं बरोबरीनें बोलते. छापखान्यांत कोरा कागद छापला जाऊन शहाणा होतो आणि माणूस मात्र वेडाच राहतो, अशी छापणाऱ्या-वाचणाऱ्या जगाचीच फिरकी घेते. योग्याला उत्तर देणारी तिची सासुरवाशीण सांगते कीं, लेकीला माहेर लाभावें म्हणून आई सासरीं नांदते. हें वाक्य कोणत्याही मुलानें आईविषयीं लिहिलें असतें, तर तें गौरवाचें झालें असतें. आईनें स्वतः म्हटल्यामुळें त्यांत एका आयुष्याचा जमाखर्च आला. दोन्ही पुस्तकें मराठीचें धन आहेत. पण आईला आठवणें आणि आईला बोलूं देणें या दोन वेगळ्या सेवा आहेत, आणि दुसरी अधिक दुर्मिळ आहे.

ही सेवा मराठींत नवी नाहीं. शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, 'ज्ञानेश्वरी' पुरी झाली. नऊ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचें नांव आहे, आणि तें लेखक म्हणजे लिहून घेणारा या नात्यानें आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे तेल्याचा धंदा करणारे गृहस्थ; त्यांच्या वह्यांच्या आधारें वि. ल. भाव्यांसारख्या संशोधकानें पुढें गाथा छापली. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनीं लिहून घेतले अशी परंपरा आहे. तेथें तर लिहिणारा ब्राह्मण आणि सांगणारा महार असा, त्या काळाची घडी उलटी करणारा संबंध आहे. आपल्या जुन्या वाङ्मयांत 'लेखकु' हा शब्द लिहून घेणाऱ्याचा होता. पुढें तो रचणाऱ्याचा झाला, आणि लिहून घेणाऱ्याला नांवच उरलें नाहीं. शब्द गेला त्याबरोबर कृतज्ञताही थोडी गेली असावी.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो खोटा नाहीं. गाणें लिहिलें कीं तें अर्धें मरतें. सूर कागदावर येत नाहीं. जात्याची घरघर येत नाहीं. तेंच गाणें आज एक तऱ्हेनें आणि उद्यां दुसऱ्या तऱ्हेनें म्हणण्याची जी मोकळीक गाणारीला असते, तीही संपते. लेखणी एका दिवसाचें रूप धरते आणि तेंच कायमचें करते. हें सारें मान्य आहे. पण दुसऱ्या पारड्यांत काय आहे तें पाहा. बहिणाबाईंचें जें गाणें कोणीं टिपलें नाहीं, तें अर्धें नव्हे, सबंध गेलें. अर्धें वांचवण्याचा दोष पत्करूनच टिपणारा बसतो. त्याच्या कामांतली नम्रता ती हीच.

आणि ही गोष्ट एकट्या बहिणाबाईंची नाहीं. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ११२९ सालच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे 'ज्ञानेश्वरी'च्या आधीं दीडशें वर्षांहून अधिक काळ या बायका ओवी गात होत्याच. पंडितांनीं तिचा ग्रंथ केला तो मागाहून. नामदेवांच्या घरची दासी म्हणवणाऱ्या जनाबाईंनीं दळणा-कांडणाला विठ्ठलालाच सोबतीस बसवलें. अशा किती जनाबाई आणि किती बहिणाबाई आठ-नऊ शतकांत दळून गेल्या, त्याला गणती नाहीं. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या नांवानें ओव्यांचा संग्रह केला आणि त्या विषयवार मांडल्या. तें मोठेंच काम झालें. पुढें, १९८० नंतरच्या काळांत, पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन येथलेच झालेले गी पॉइतवां यांनीं सहकाऱ्यांसह गांवोगांव जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आणि ओवी कोणीं सांगितली, कोणत्या गांवीं सांगितली, तेंही नोंदून ठेवलें. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें २०१७ पासून तो ठेवा गाणारणींच्या आवाजांसह लोकांपुढें आणला आहे. 'लोकांचें वाङ्मय' म्हणून जें निनांवी समजलें जात होतें, त्याला माणसांचीं नांवें मिळालीं. टिपणाऱ्याच्या धर्मांत ही आणखी एक पायरी वर गेली असें मी समजतों.

आतां घरगुती कारण. कृष्णाकांठच्या एका खेड्यांत माझी आजी पहांटे दळीत असे. माजघराच्या कोपऱ्यांत जातें, शेजारीं सूप, आणि भिंतीपलीकडे कंदिलाच्या उजेडांत अभ्यासाला बसलेला मी. मॅट्रिकचें वर्ष होतें. परीक्षेसाठीं नेमलेल्या कविता मी वहींत उतरून घेत होतों. कवीचें नांव, वृत्त, अलंकार, सारें तांबड्या शाईनें. भिंतीपलीकडून ओवी येई आणि माझें लक्ष उडे. एके दिवशीं मी आंत जाऊन म्हटलें, "आजी, जरा हळू म्हण ना, मला लिहायचें आहे." ती रागावली नाहीं. "बरं बाबा, लिही तूं," एवढेंच म्हणाली. तिनें दळणें थांबवलें नाहीं, तें थांबवणें शक्यच नव्हतें. आवाज मात्र खालीं आणला. त्या दिवसापासून ती तशीच, जात्याच्या घरघरीखालीं, स्वतःपुरती गाऊं लागली. पुढें गांवांत पिठाची गिरणी आली, जातें कोपऱ्यांत उभें करून ठेवलें गेलें, आणि तेंही गाणें थांबलें.

ती गेली तेव्हां तेराव्याला जमलेल्या बायकांनीं तिच्या ओव्यांची आठवण काढली. मी घरांतला शिकलेला, त्या मला म्हणाल्या, "तुझ्याकडे लिहिलेल्या असतील." माझ्याकडे वही होती, तींत दुसऱ्यांच्या छापील कविता होत्या. सर्वांनीं मिळून आठवावयाचा प्रयत्न केला. आत्याला एक चरण आठवला, चुलतीला दुसरा. पण ते एका ओवीचे नव्हते. मला चाल आठवते. शब्द नाहींत.

तरीसुद्धां ती मला रिकाम्या हातीं सोडून गेली नाहीं. कविता वाचतांना आठ अक्षरांचा चरण मला बोटांवर मोजावा लागत नाहीं. एखादें अक्षर कमी-जास्त झालें तर दळणांत खडा यावा तसें तें कानाला टोंचतें. टीकालेखन करून मीं जें कांहीं थोडेंबहुत मिळवलें, त्याच्या मुळाशीं हा कान आहे. आणि हा कान मला कोणत्याही विद्यालयांत मिळालेला नाहीं. भिंतीपलीकडून दोन पायल्या जोंधळे दळतां दळतां कोणी तो घडवीत होती, आणि मी तिला हळू म्हणावयास सांगत होतों. सोपानदेवांच्या लेखनिकपणाची थोरवी मला इतकी कां वाटते, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. ती संधि माझ्याही दारांत आली होती. फरक इतकाच, कीं त्यांनीं लेखणी आईकडे वळवली आणि मीं माझी तिच्यापासून दूर नेली.

जातें गेलें याचें दुःख कोणी करूं नये. पहांटे चारला उठून, हाताला घट्टे पाडून, साऱ्या घराचें पीठ दळणाऱ्या बाईला गिरणीनें तासभर झोंप दिली, हें गिरणीचें पुण्य आहे. ओवीच्या लोभानें तें श्रम परत मागणारा रसिक निर्दय म्हटला पाहिजे. पण श्रम संपले म्हणून श्रमांतून निघालेलें गाणें संपूं देण्याचें कारण नव्हतें. ज्यांच्या घरांत अजून कोणी आजी, मावशी, आत्या अशा आहेत, कीं ज्यांना जात्यावरचें, शेतांतलें, पाळण्यापाशींचें कांहीं येतें, त्यांनीं आजच जवळ बसावें. तिचा शब्द तिच्याच उच्चारानें लिहावा, तिचें नांव लिहावें, गांव लिहावें, आणि आपलें शहाणपण त्यांत घालूं नये. आवाज धरून ठेवण्याचें साधन तर आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. तिनें संकोचानें आवाज खालीं आणला, तर तिला सांगावें कीं, मोठ्यानें म्हण.